पंगतीत मुलांनाही बसवा

आपल्या मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमात माझ्या सहा वर्षांच्या मुलीने माझ्या ताटातल्या पुरणपोळीकडे बोट दाखवून विचारलं, "आई, हे मोठ्यांचं जेवण आहे ना?" घरी हीच मुलगी पुरणपोळी दुधात कुस्करून खाते. पण हॉलमध्ये दोन रांगा होत्या. एकीकडे मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरणपोळी. दुसरीकडे पिझ्झाचे खोके, ज्यूसची पाकिटं आणि वर पाटी : 'मुलांसाठी'. नुकतंच वाचायला शिकलेलं मूल त्यातून दुसरा काय अर्थ काढणार?

पिझ्झाशी माझं भांडण नाही. आमच्याकडे शुक्रवारी रात्री तोच असतो. वाढदिवसाला असतो, सॉकरनंतर असतो, शाळेतही असतो. मसालेभात मात्र मुलांना शिकागोच्या या उपनगरांत कुठे भेटणार? डब्याची गत आपण सगळेच जाणतो. जेवायला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, डबा गरम करायची सोय नाही. मुलीच्या वर्गात दाण्यांना बंदी आहे, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, कूट घातलेली कोशिंबीर, दाण्याची चटणी सगळं बाद. बंदी योग्यच आहे, कुणाच्या तरी लेकराच्या जिवाचा प्रश्न असतो. पण मग डब्यात सँडविच जातं, आणि संध्याकाळी पाळणाघरातून धाकट्याला घेऊन घरी पोचेपर्यंत एवढा उशीर होतो की वरण-भात-तूप झालं तरी पुष्कळ. शिवाय चौघांच्या घरात पंगत बसत नाही. ताटाची डावी-उजवी बाजू, आग्रह करणारी काकू, शेजारच्या ताटात डोकावणारं दुसरं मूल, हे सगळं इथे फक्त मंडळात मिळतं.

"मुलं खात नाहीत, अन्न वाया जातं," असं समितीतल्या एका ताईंनी मला सांगितलं. पण बालरोगतज्ज्ञ म्हणतात, नवा पदार्थ अंगवळणी पडायला तो दहा-पंधरा वेळासुद्धा समोर यावा लागतो. माझे सासू-सासरे सहा महिने राहून गेले. धाकटा रोज आजीच्या मांडीवर बसून तिच्या ताटातलं उचलायचा. भरल्या वांग्यांना आधी तोंड वाकडं करायचा, आजी-आजोबा परत जाईपर्यंत मागून घ्यायला लागला. आम्ही त्याला काही शिकवलं नव्हतं. मोठी माणसं चवीने खाताना त्याला रोज दिसत होती, एवढंच. पुण्यातल्या लग्नांतही आता मुलांचे पिझ्झा-नूडल्सचे काउंटर असतात, मला माहीत आहे. पण तिथलं मूल दुसऱ्या दिवशी पोळी-भाजीच खातं. आपलं मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा सँडविच खातं.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं. तेव्हापासून पुढची पिढी हा आपल्या काळजीचा विषय आहे. सुट्टीच्या दिवशी आपण मराठी शाळा चालवतो, मुळाक्षरं गिरवून घेतो, नाटुकली बसवतो. आणि जेवायच्या वेळी, जेव्हा मराठी आपोआप कानावर पडणार असते, तेव्हाच मुलांना बाजूला काढतो! नाटक चालू असताना त्यांना वेगळ्या खोलीत बसवणं मला पटतं, पाहुण्या कलाकारांचा मान ठेवायलाच हवा. पण त्या खोलीत इंग्रजी कार्टूनच का?

सूर चढला असेल तर स्वयंसेवकांनी मला क्षमा करावी. नोकऱ्या सांभाळून, आदल्या रात्री जागून तुम्ही सगळी तयारी करता. पिझ्झा मागवणं सोपं आणि स्वस्त पडतं, हे मला कळतं. तुमच्या कष्टांना मी नावं ठेवत नाही.

म्हणून एवढंच सुचवते. दिवाळीच्या कार्यक्रमात मुलांची पंगत आधी बसवू. खाली पट्ट्या अंथरून पुरी, बटाट्याची भाजी, कमी तिखट मसालेभात, वरण-भात, श्रीखंड वाढू. दाणे-काजू कशात आहेत, त्याच्या चिठ्ठ्या पातेल्यांवर लावू. बारकी मुलं आईबाबांजवळ बसतील, मोठी एकमेकांशेजारी. वाढायला आम्ही दोघं तयार आहोत. आणखी सहा जण मिळाले तर पन्नास मुलांची पंगत सहज उठेल. ज्यांना जमेल त्यांनी समितीकडे आपली नावं द्यावीत. मोठ्यांची जेवणं त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू करता येतील.