ओळख पटते, पण ओळख होते का?

प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की आपल्या कॉलेजात एक ठरलेला कार्यक्रम होतो. सेमिनार हॉलच्या कोपऱ्यात निळा पडदा लागतो, समोर एक स्टूल आणि दाराबाहेर फायनल इयरची ही मोठी लाईन. टाय एक, ब्लेझर दोन (एक ढगळ, एक घट्ट) आणि घालणारे दोनशे! "मान सरळ, हनुवटी खाली, हसायचं नाही..." क्लिक. नेक्स्ट! पंधरा सेकंदांत एक इंजिनिअर तयार.

मग ब्रोशर छापून येतं. त्यात मेकॅनिकलवाला कोण, सिव्हिलवाला कोण, काही पत्ता लागत नाही. खालचं नाव झाकलं तर स्वतःचा रूम पार्टनरसुद्धा शोधावा लागतो. मला विचाराल तर हे फोटो नव्हेतच, एकाच फोटोच्या दोनशे झेरॉक्स आहेत.

यावर कुणीही म्हणेल, "अरे बाबा, प्रोफेशनल फोटो असाच असतो!" माझा वाद नेमका इथेच आहे. मित्रांनो, ओळख पटणं वेगळं आणि ओळख होणं वेगळं. पासपोर्ट, हॉल तिकीट, आय-कार्ड यांचं काम ओळख पटवणं. तिथे साधी पार्श्वभूमी, सरळ चेहरा हेच बरोबर. पण प्लेसमेंटचं ब्रोशर, कंपनीची वेबसाईट, संस्थेचा वार्षिक अहवाल इथे समोरच्याला आपली ओळख करून घ्यायची असते. हा माणूस कोण, काय करतो, याच्याबरोबर काम करावंसं वाटेल का? दोन्हीकडे एकच फोटो चिकटवणं म्हणजे व्हर्नियर कॅलिपरनं शेत मोजण्यासारखं आहे. यंत्र चांगलंच आहे हो, पण काम वेगळं आहे!

हा विचार काही मी शोधलेला नाही. अर्नोल्ड न्यूमन नावाचे अमेरिकन फोटोग्राफर माणसाला स्टुडिओत बोलवण्याऐवजी त्याच्या कामाच्या जागी जाऊन फोटो काढत. १९४६ साली त्यांनी संगीतकार स्ट्राविन्स्कीचा फोटो काढला. त्यात फ्रेमचा बहुतेक भाग पियानोच्या उघड्या झाकणानं व्यापलाय आणि माणूस खाली एका कोपऱ्यात. तरी बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं, हा संगीताचा माणूस. १९६३ साली त्यांनी आल्फ्रीड क्रुप या जर्मन कारखानदाराला त्याच्याच कारखान्यात बसवलं. महायुद्धात कैद्यांना गुलामासारखं राबवल्याबद्दल या क्रुपला न्यूरेंबर्गला शिक्षा झाली होती. न्यूमननी दोन्ही बाजूंनी असा प्रकाश टाकला की तो साहेब सैतानासारखा दिसतो. न्यूमन स्वतः ज्यू होते, हे सांगितलं की बाकीचं सांगायला नको. पदावरच्या माणसाचा फोटो इतकं बोलू शकतो!

पार्श्वभूमी नेहमी भरगच्चच हवी, असंही नाही. आपले गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) बरीच वर्षं लिंटास या जाहिरात कंपनीत होते आणि पुढे नावाजले ते चेहऱ्यांसाठीच. त्यांच्या पुस्तकाचं नावच 'चेहरे'. त्यांच्या कितीतरी फोटोंत मागे काहीच नसतं, तरी दोन चेहरे एकसारखे वाटत नाहीत. म्हणजे दोष बिचाऱ्या पडद्याचा नाही, पंधरा सेकंदांचा आहे. समोरचा माणूस कोण आहे हे विचारायलाच वेळ नाही, तर फोटोत ते येणार कुठून?

आता थोडं गावाकडचं. मी पिंपळवंडीचा. पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगाव सोडलं की आळेफाट्याच्या अलीकडे आमचं गाव. आमच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती ओळीनं कोरल्या होत्या. राजा सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी, राजकुमार आणि प्रत्येकाच्या वर ब्राह्मी लिपीत नाव. त्या काळचा 'बोर्ड ऑफ डायरेक्टर्स'च म्हणा ना! आज मूर्ती जवळजवळ नाहीशा झाल्यात, फक्त नावं वाचता येतात. तिथे चेहरे पुसायला शतकं लागली. आपल्या ब्रोशरमध्ये ते छापतानाच पुसले जातात!

पण खरी बोच मला दुसऱ्याच फोटोची आहे. आमच्याकडे शेतकऱ्याचा एकट्याचा मोठा फोटो सहसा तो गेल्यावरच होतो. माझे आजोबा गेले तेव्हा त्यांचा एकही धड फोटो घरात नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापला आणि स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर त्याला कोट-टाय चढवला. टोपीही गेली. ज्या माणसानं सगळा जन्म कांद्याच्या वाफ्यात काढला, तो भिंतीवर साहेब होऊन बसलाय. आजी रोज त्याला फूल वाहते आणि म्हणते, "ह्ये काय आमचं हे नव्हं. ह्यो कुनी सायब हाय."

स्टुडिओवाल्याचा हेतू वाईट नव्हता. कोट घातला की मान वाढतो, अशी त्याची समजूत. आपल्या सेमिनार हॉलमधला ब्लेझरही त्याच समजुतीतून येतो. माणसाचा मान त्याच्या कामात आहे हे आपल्याला पटतच नाही, म्हणून तो भाड्यानं आणावा लागतो. आता तर सेल्फी अपलोड केली की ए.आय. दोन मिनिटांत कोट, टाय आणि मागे काचेचं ऑफिससुद्धा देतं. मग पडदा लावून तेच करण्यात काय अर्थ उरला? यंत्राला जे माहीत नाही, म्हणजे तुमचं काम आणि तुमची जागा, तेच फोटोत आणूया ना.

याला महागडा कॅमेरा लागत नाही. खिडकीजवळ उभं करा, प्रकाश एका बाजूनं येऊ द्या. दुसऱ्या बाजूची सावली फार गडद वाटली तर ई.डी.ची कोरी ड्रॉइंग शीट धरा, झाला रिफ्लेक्टर! मोबाईल तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं येतं. चार पावलं मागं जा आणि मग झूम करा. हातात रोजची वस्तू द्या आणि मुख्य म्हणजे कामाबद्दल बोलतं करा. मेकॅनिकलवाला लेथपाशी, सिव्हिलवाला थिओडोलाईटपाशी, ई अँड टी.सी.वाला सोल्डरिंग करताना. आमच्या खोडदच्या जी.एम.आर.टी.ला ३० अँटेना आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. तिथल्या इंजिनिअरला त्या तबकडीखाली उभं करायचं सोडून निळ्या पडद्यापुढे बसवलं तर त्याला काय म्हणावं?

कंपन्यांना एकसारखे फोटो हवेत, असं टी.पी.ओ. सर म्हणतील. सर, साईज एकसारखी ठेवा, चेहरा स्पष्ट ठेवा, सगळ्यांना नीटनेटके कपडे सांगा. फक्त जागा ज्याची त्याला निवडू द्या. आणि नोटीस बोर्डावर सगळ्या प्राध्यापकांचे फोटो आहेत, तसे वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टरांचे आणि आपल्या मेसच्या काकांचेही लावा. तेही प्रोफेशनलच आहेत.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, दिवाळीला घरी जाल तेव्हा एक काम करा. आई-बाबांचा, आजी-आजोबांचा एकेक फोटो काढा. सणाच्या कपड्यांत नको. गोठ्यात, दुकानात, ऑफिसच्या टेबलावर, चुलीपुढे, जिथे ते रोज असतात तिथे. ते हसताना, बोलताना, आपल्यासमोर धडधाकट असताना. नंतर कुणाला कोट चढवायची वेळ यायला नको.

बघा, पटतंय का!