गाळा लहान, व्रत मोठे

करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी व्यापारी संकुलात लहानसा गाळा घेऊन भेटवस्तू व नकली दागिन्यांचे दुकान थाटण्याचा विचार आज अनेक श्राविका करतात. श्री कमलाभवानीचे नवरात्र, दिवाळी व लग्नसराई या काळात अशा मालाला मागणी असते. भाडे मात्र बाराही महिने द्यावे लागते. मासिक भाडे ४,००० रुपये आणि विक्रीवर नफा २५ टक्के धरला, तर केवळ भाडे निघण्यास १६,००० रुपयांची विक्री हवी. वीजबिल व कर्जाचा हप्ता त्यानंतर.

प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते. ही रक्कम पहिल्याच खरेदीत संपवू नये. पॉलिश उतरलेला माल पडून राहतो. हप्ता थांबत नाही.

खरी कसोटी याहून पुढची आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून विकणे. नकली दागिना विकण्यात दोष नाही. ग्राहकाचा गैरसमज मुकाट्याने राहू देण्यात आहे. ‘वन ग्रॅम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यावर सोन्याचा केवळ पातळ मुलामा असतो. हे ग्राहकाने विचारण्यापूर्वीच सांगावे, बिलावरही लिहावे. त्यामुळे एखादी विक्री हुकेल. परंतु लहान गावात फसलेले गिऱ्हाईक एकटे जात नाही. जाऊ, नणंद, शेजारीण यांनाही सोबत नेते.