बालवर्ग आणि घरची बोली

मूल प्रथम शाळेंत जातें तेव्हां पालक त्याच्या गणवेशाची व डब्याची काळजी वाहतात. परंतु घरची बोली, गाणीं व गोष्टी हींहि त्याच्याबरोबर शाळेंत येतात. त्यांस तेथें जागा मिळते कीं नाहीं, हें क्वचितच कोणी पाहतो. ज्याच्या पहिल्या शब्दास वर्ग हंसला, तें मूल त्या दिवशीं आईच्या बोलीची लाज बाळगावयास शिकतें.

ह्या बाबतींत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचें कार्य मननीय आहे. १९४५ सालीं, तेव्हांच्या ठाणें व आतांच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें, त्यांनीं बालशिक्षणास आरंभ केला. आदिवासी मुलें शाळेकडे येईनात, तेव्हां मुलांस दोष न देतां त्यांनीं शाळाच पाड्यावरील अंगणांत नेली. तीच अंगणवाडी होय. पुढें कोसबाडच्या टेकडीवर गुराखी मुलांसाठीं कुरणशाळाहि भरली. महागड्या साधनांऐवजीं शिंपले, बिया व खडे मुलांच्या हातीं आले.

आज पुष्कळ शाळांच्या भिंतींवर वारली चित्रें दिसतात. हें चांगलें, परंतु अपुरें आहे. लग्नप्रसंगीं वारली सुवासिनी तांदळाच्या पिठानें पालघट देवीचा चौक काढतात. त्याचा अर्थ त्यांच्याच मुखें वर्गानें ऐकावयास हवा. भिंतीवर वारली चित्र असावें आणि वारली मुलानें मात्र मुकें बसावें, हा संस्कृतीचा आदर नव्हे.

कोणी पालक म्हणतील, "घरचें घरीं शिकेल, शाळेनें प्रमाण मराठी व इंग्रजी शिकवावी." त्या भाषा अवश्य शिकवाव्या, परंतु परिचित शब्दांनीं मोजावयास शिकलेलें मूल नवे शब्द भीतीवांचून उचलतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतहि, शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें, असें म्हटलें आहे. मिशनरी विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. शिकवूं इच्छिणारा प्रथम विद्यार्थी झाला, तो असा.

म्हणून बालवर्गाच्या शिक्षकांनीं मुलांच्या बोलींतील शब्द शिकावे, आणि पाड्यावरील आजीबाईंस व तारपा वाजविणाऱ्या काकांस गुरु म्हणून वर्गांत बोलवावें. आणि विद्यार्थीमित्रहो, वर्गांत कोणी निराळ्या बोलींत बोलला तर हंसूं नका. त्या शब्दाचा अर्थ त्यास विचारा.