विश्लेषण : एक्सल नवा बसवला, मग गाडीखाली ऑइल कशाचे?

वळण घेताना पुढच्या चाकातून 'कट-कट' आवाज येऊ लागला. मेकॅनिकने एक्सल बदलायला सांगितला, मालकाने बदलला आणि आवाज गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या फरशीवर, चाकाच्या आतल्या बाजूला बशीएवढा तेलकट डाग दिसला. गॅरेजला फोन केला तर उत्तर ठरलेले असते : "साहेब, नवीन काम आहे, दोन-चार दिवसांत बसेल आपोआप."

ते बसत नाही. रबराचे सील एकदा फाटले, वाकडे बसले किंवा कडक पडले की गाडी चालवून ते दुरुस्त होत नाही, गळती वाढतेच. हजारो रुपयांचा एक्सल बदलताना काही शे रुपयांचे ऑइल सील जुनेच ठेवण्याची आपल्याकडची सवय या डागाच्या मुळाशी बहुतेक वेळा असते. एक्सल निघाला की सील बदलायचे, हा त्या कामाचाच भाग आहे. त्यात 'लागलं तर बघू' असे काही नाही.

हे ऑइल येते कुठून?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. बैलगाडीला याची अडचण नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर आपापली फिरतात. इंजिनाने दोन्ही चाकांना एकदम ओढायचे म्हटले की प्रश्न उभा राहतो. दोन्ही चाकांना ताकद द्यायची, पण वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायचे, हे काम दात्यांच्या चाकांची जी रचना करते ती म्हणजे डिफरन्शियल. हे दाते कायम ऑइलमध्ये बुडालेले असतात.

स्विफ्ट, वॅगनआरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत असते. मॅन्युअल गिअरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत दोघांचे ऑइलही एकच. म्हणजे मेकॅनिक 'डिफरन्शियलचं ऑइल गळतंय' म्हणतो तेव्हा गिअरबॉक्सचेच ऑइल कमी होत असते. बोलेरो किंवा इकोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल मागच्या दोन चाकांच्या मधल्या लोखंडी गोळ्यात वेगळे असते.

दोन्हीकडे एक्सल शाफ्ट फिरता असतो आणि पेटी स्थिर. फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या भागाच्या मधली फट एक रबरी कडे अडवते, तेच ऑइल सील. त्याला बाहेरून धातूचे कडे असते, आत रबराचा पातळ ओठ आणि त्या ओठामागे बारीक वेटोळ्याची स्प्रिंग. ही स्प्रिंग ओठाला शाफ्टवर हलकेच दाबून धरते. ऑइल आत ठेवण्याची सगळी भिस्त त्या ओठाच्या कडेवर.

आधी गळत नव्हते, आताच का?

मालकाला सर्वाधिक चीड याच प्रश्नाची येते, आणि शंकाही : मेकॅनिकने मुद्दाम काही केले का? बहुतेक वेळा तसे नसते. जुना शाफ्ट आणि जुने सील वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून एकमेकांच्या मापाचे झालेले असतात. शाफ्टवर सीलच्या ओठाने बारीक खाच पाडलेली असते आणि ओठ झिजून, उष्णतेने कडक होऊन त्या खाचेत बसलेला असतो. नवा, गुळगुळीत शाफ्ट आला की ही जोडी मोडते. कडक झालेला ओठ नव्या पृष्ठभागाला चिकटून बसत नाही.

दुसरे कारण हाताच्या घाईचे. शाफ्टच्या टोकाला धारदार दाते असतात. शाफ्ट तिरका आत ढकलला, किंवा त्याचा भार क्षणभर सीलवर टेकला, की हे दाते ओठाला चीर पाडतात. चीर इतकी बारीक असते की बसवताना दिसत नाही. सील नवे असले तरी ते कोरडेच बसवले, ओठाला थोडे गिअर ऑइल किंवा ग्रीस लावले नाही, तर पहिल्याच फेरीत ओठ तापून खराब होऊ शकतो.

सील नवे घातले तरी ते कसे ठोकले यावर बरेच अवलंबून आहे. एका बाजूने हातोडी मारत बसवलेले सील तिरके बसते. जुने सील उचकटताना पेचकसाने पेटीच्या भोकाला ओरखडा पडला, तर ऑइल ओठाकडून न येता सीलच्या बाहेरच्या कडेने पाझरते. काही गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूची सीले वेगळी असतात. त्यांच्या ओठाजवळ तिरप्या बारीक रेघा असतात, ज्या फिरत्या शाफ्टबरोबर ऑइल आत ढकलतात. उलट्या बाजूचे सील बसले तर त्याच रेघा ऑइल बाहेर ढकलण्याचे काम इमानेइतबारे करतात.

शाफ्ट आत पक्का बसला नाही, हेही वारंवार घडते. बऱ्याच गाड्यांत शाफ्टच्या टोकाला एक छोटी सर्कलिप असते. ती आतल्या खाचेत 'टक्' करून बसली पाहिजे. बसली नाही तर शाफ्ट काही मिलिमीटर बाहेर राहतो आणि ओठ चुकीच्या जागी घासतो. शाफ्ट ज्या बेअरिंगवर फिरतो तेच झिजलेले असेल, तर शाफ्ट डुलत राहतो. मग सील तीनदा बदला, थोड्या दिवसांत गळती परत.

कोणी न बघणारा भाग : ब्रीदर

सील बदलूनही गळती थांबत नसेल तर बघायची पहिली जागा म्हणजे ब्रीदर. गिअरबॉक्सच्या किंवा मागच्या डिफरन्शियलच्या वरच्या बाजूला एक छोटी नळी किंवा टोपी असते. आतली हवा तापली की बाहेर जावी, थंड झाली की परत आत यावी, एवढेच तिचे काम. चिखल, धूळ आणि जुने ऑइल साचून ती बुजते.

बुजल्यावर काय होते याचा हिशेब सोपा आहे. सकाळी ३० अंश सेल्सिअसला असलेली आतली हवा घाट चढून ९० अंशांवर गेली आणि तिला बाहेर जायला वाट नसेल, तर दाब साधारण २० टक्क्यांनी वाढतो. साधे ऑइल सील दाब अडवण्यासाठी बनवलेलेच नसते, ते फक्त उडणारे ऑइल आत ठेवण्यासाठी असते. वाढलेला दाब सर्वात कमकुवत जागा शोधतो आणि ती जागा म्हणजे सीलचा ओठ. ब्रीदर साफ करायला पाच-दहा मिनिटे पुरतात. तरीही एक्सलच्या कामात त्याकडे क्वचितच कोणी बघते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात याची दुसरी बाजू दिसते. तापलेला एक्सल ओढ्याच्या पाण्यात शिरला की आतली हवा झटकन आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून किंवा खराब सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले ऑइल दुधाळ चहासारखे दिसते. असे ऑइल दिसले तर टॉप-अपचा विचार सोडून सगळे बदलावे.

मागच्या चाकाची गळती वेगळी का?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गळलेले ऑइल बहुधा रस्त्यावर पडते आणि नुकसान गिअरबॉक्सचे होते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत मात्र एक्सलचे सील चाकाजवळ, ब्रेक ड्रमच्या अगदी शेजारी असते. ते गेले की ऑइल थेट ड्रममध्ये, ब्रेक लायनिंगवर. जमिनीवर फारसे काही दिसत नाही. दिसतो तो टायरच्या आतल्या बाजूने उतरलेला काळा ओघळ, तोही कोणी वाकून पाहिले तर.

ऑइल प्यायलेले लायनिंग त्या चाकाला नीट थांबवत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते आणि हँडब्रेक सैल वाटतो. भरलेली गाडी घेऊन ओल्या घाटात उतरताना याचा अर्थ काय, हे प्रवासी वाहतूक करणाऱ्या चालकाला सांगायची गरज नाही. इथे 'पेट्रोलने धुऊन परत लावतो' हे उत्तर मान्य करू नये. लायनिंगमध्ये मुरलेले ऑइल धुऊन निघत नाही. ब्रेक शू बदलावे लागतात, तेही दोन्ही बाजूंचे एकदम, नाहीतर दोन चाकांची पकड सारखी राहत नाही.

एका थेंबाने काय होते?

"थेंब थेंब तर आहे," असे मालकही म्हणतात. समजा दहा सेकंदांना एक थेंब गळतो. थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला तर तासाला १८ मिलिलिटर. दिवसाला आठ तास चालणाऱ्या टॅक्सीत १४४ मिलिलिटर. छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ऑइल असते दोन लिटरच्या आसपास. म्हणजे दोन आठवड्यांत पेटी जवळजवळ कोरडी. प्रत्यक्षात दाते, बेअरिंग त्याच्या खूप आधी रडू लागतात.

त्यात इंजिन ऑइलचा दाब पडला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. मॅन्युअल गिअरबॉक्सचे ऑइल संपत आले तरी सामान्य गाड्यांत असा कोणताही दिवा नसतो, डिपस्टिकही बहुधा नसते. पहिली सूचना म्हणजे घरघर, आणि घरघर ऐकू येते तेव्हा खर्च सीलचा राहिलेला नसतो.

दुरुस्ती नीट कशी करतात?

आधी पुसायचे, मग शोधायचे. एक्सल काढताना सांडलेले ऑइल खोबणीत साचून एक-दोन दिवस ठिबकते, त्यालाच गळती समजून पुन्हा सगळे उघडण्यात अर्थ नाही. सगळा भाग स्वच्छ करून वीस-तीस किलोमीटर गाडी चालवावी आणि ओल कुठून सुरू होते ते वरून खाली बघावे. ऑइल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली जाते, त्यामुळे थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा एकच असेल असे नाही. ड्रेन प्लगही तपासावा. ऑइल काढताना तो उघडलेला असतो आणि त्याचा जुना चपटा वायसर परत लावला तर तिथूनही पाझरते. काळे, घट्ट, चाकाच्या रिमवर उडालेले असेल तर ते सीव्ही जॉइंटचे ग्रीस, म्हणजे रबरी बूट फाटलेला किंवा त्याचा पट्टा सैल. पातळ आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल.

सीलच असेल तर शाफ्ट पुन्हा काढावा लागतो, त्याला जवळची वाट नाही. 'स्टॉप लीक'ची बाटली ओतणे म्हणजे दुखणे पुढच्या महिन्यावर ढकलणे. जुने सील काढण्याआधी ते किती आत बसले आहे ते पाहावे, नवे तेवढ्याच खोलीवर, त्याच्या मापाच्या नळीने किंवा सॉकेटने सगळीकडून सारखे ठोकावे. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. ओठाला ऑइल लावावे, शाफ्ट दोन्ही हातांनी तोलून सरळ आत न्यावा, सर्कलिप बसल्याची खात्री आतल्या जॉइंटचे भांडे हलके ओढून करावी. मधला दांडा ओढू नये, जॉइंट आतून निसटू शकतो. शाफ्ट बसवण्याआधीच बेअरिंगचा ढिलेपणा आणि ब्रीदर बघून घ्यावा.

शेवटी ऑइल, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचेच. मागच्या डिफरन्शियलसाठीचे जीएल-५ ऑइल जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये 'जास्त चांगलं' म्हणून ओतले तर आतल्या पितळी भागांना त्रास होऊ शकतो. गाडी सपाट जागेवर ठेवून भरण्याच्या भोकाच्या काठाशी ऑइल आले की थांबावे. अंदाजाने जास्त भरलेले ऑइलही गळतीच्या रूपानेच बाहेर येते, आणि मग चांगल्या सीलवर आळ येतो.

पैसे कोणी भरायचे?

मेकॅनिकची बाजूही आहे. पुण्यातल्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात एक्सल वेगळा मिळतो, सील वेगळे. अंदाजपत्रकात सील, ऑइल, वायसर असे तीन आकडे वाढवले की ग्राहकच म्हणतो, "ते राहू द्या, एवढ्यात भागवा." दुसऱ्या गॅरेजचा भाव कमी निघतो तो याच तीन ओळी गाळून. ग्राहकाने सील नाकारले असेल तर नंतर फुकट कामाची अपेक्षा धरणे न्यायाचे नाही.

पण त्याला विचारलेच नसेल, तर दुसऱ्यांदा शाफ्ट काढण्याची मजुरी गॅरेजने सोसली पाहिजे. सील कधी बदलायचे हे ठरवण्याचे ज्ञान ग्राहकाकडे नसते, त्यासाठीच तो पैसे मोजतो. बसवताना सील फाटले असेल तर त्यात वादाला जागाच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अशा कामाला सेवेतील त्रुटी म्हणतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

मात्र हाती बिल लागते, आणि त्यावर 'एक्सल १ नग, मजुरी' एवढेच लिहिलेले असेल तर काही सिद्ध करणे अवघड. गाडी सोडतानाच सील, ऑइलचा दर्जा आणि किती लिटर हे बिलावर वेगवेगळे लिहून घ्यावे. जुने सील परत मागावे. गाडी घरी आणल्यावर रात्री चाकाखाली एक जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि सकाळी त्यावर डाग दिसला, तर त्याचा फोटो काढून त्याच दिवशी गॅरेजला पाठवावा.