मेळावे ठेवा, थाट कमी करा



मंदीची चाहूल लागली की कंपन्यांची पहिली कात्री वितरकांच्या मेळाव्यांवर आणि कर्मचाऱ्यांच्या संमेलनांवर चालते. नोकऱ्या जात असताना समारंभ कशाला, हा सवाल लोकांनाही पटतो. मी मंडप आणि ध्वनिव्यवस्थेच्या धंद्यात आहे, म्हणजे यात माझे पोट गुंतलेले आहे. तरीही सरसकट रद्द करणे चूक आहे, असे माझे ठाम मत आहे.

सप्टेंबर 2008 मध्ये बुडत्या एआयजी विमा कंपनीला अमेरिकी सरकारने 85 अब्ज डॉलरचा आधार दिला. आठवडाभरात तिच्या उपकंपनीने कॅलिफोर्नियातील आलिशान रिसॉर्टवर विमाविक्रेत्यांचे संमेलन भरवले. खर्च 4 लाख 40 हजार डॉलरच्या घरात. लोकांचा संताप रास्तच होता. पण पुढे त्या संतापाच्या धास्तीने कामाच्या परिषदाही बंद पडू लागल्या. 2009 च्या सुरुवातीला गोल्डमन सॅक्स बँकेने लास वेगासमधली परिषद दंड भरून सॅन फ्रान्सिस्कोला हलवली. सॅन फ्रान्सिस्को काही स्वस्त शहर नव्हे. बदनामी टळली एवढेच. घरबाजार कोसळल्याने वेगास आधीच खचले होते. त्यात तिथल्या हॉटेलांतले वाढपी आणि सफाई कामगार आणखी भरडले गेले.

मौज आणि काम यांत फरक करायला हवा. ज्या वर्षी कर्मचारी कमी केले, त्या वर्षी कंपनीने पार्टी करूच नये. पण ज्याचा माल गोदामात अडकला आहे, त्या सांगलीच्या वा जालन्याच्या डीलरला मंदीतच कंपनीसमोर उभे राहून उधारीची मुदत आणि परतीचा माल याबद्दल विचारायचे असते. व्हिडिओ कॉलवर शंभर जणांचे आवाज बंद असतात. तिथे हे प्रश्न निघतच नाहीत. चहाच्या सुट्टीत दोन डीलर एकमेकांशी जे बोलतात, तेही तिथे होत नाही.

खर्च कमी करायचाच तर विमानप्रवास, पंचतारांकित मुक्काम आणि तारे-तारकांचे मानधन कापा. एका दिवसाचा मेळावा कारखान्याच्या कँटीनमध्येही होतो.

शेवटच्या क्षणी रद्द करण्याचा घाव मात्र थेट रोजंदारीवर पडतो. मंडपाचा सांगाडा (ट्रस) टेम्पोत भरलेला असतो, हेल्पर गावाहून आलेले असतात आणि फोन येतो, कार्यक्रम नाही. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा कायदा सांगतो. 1 एप्रिल 2024 पासून तर थकवलेल्या रकमेची आयकरात त्या वर्षी वजावटही मिळत नाही. पण कामच झाले नाही तर बिल कशाचे लावायचे? म्हणून माझी मागणी साधी आहे. कार्यक्रमाला 15 दिवसांहून कमी अवधी उरला असताना तो रद्द केल्यास मजुरी आणि वाहतुकीचा खर्च कंपनी देईल, ही अट प्रत्येक परचेस ऑर्डरमध्ये लेखी असावी आणि उद्योजकांच्या संघटनांनी ती आपल्या सभासदांना पाळायला लावावी.

– एक मंडप व्यावसायिक, चिंचवड