तेरा मिनिटांची बेडी

मुनीर अल हद्दादी या फुटबॉलपटूचे राष्ट्र कोणते, याचा निकाल जागतिक फुटबॉलच्या कायद्याने अवघ्या १३ मिनिटांत लावून टाकला. आणि तो निकाल फिरवून घेण्यास त्या खेळाडूला सहा वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले. ही हकीगत स्पेनची व मोरोक्कोची आहे. तथापि ती आमच्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावी असे आम्हांस वाटते. परदेशात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंनी भारताचा गणवेश घालावा काय, आणि घालावयाचा तर कोणत्या अटींवर, हा वाद आपल्याही उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. पुढच्यास ठेच लागली असता मागच्याने शहाणे होण्यातच शहाणपण असते.

मुनीरचा जन्म १९९५ च्या सप्टेंबरात माद्रिदजवळील एल एस्कोरियल या गावी झाला. आईबाप मोरोक्कन वंशाचे, शिक्षण स्पेनमधले, आणि फुटबॉलचे संस्कार अखेरीस बार्सिलोनाच्या विख्यात प्रशालेत झालेले. २०१४ च्या एप्रिलमध्ये युरोपच्या युवक स्पर्धेतील अंतिम सामन्यात त्याने मैदानाच्या मध्यरेषेजवळून चेंडू थेट जाळ्यात धाडला, तेव्हा या मुलाकडे साऱ्या युरोपचे लक्ष गेले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला बार्सिलोनाच्या मुख्य संघातून साखळी स्पर्धेतला पहिलाच सामना खेळताना त्याने गोल केला. पुढे दोनच आठवड्यांनी, ८ सप्टेंबर २०१४ रोजी, व्हॅलेन्सिया येथे स्पेन विरुद्ध मॅसिडोनिया हा युरोपीय अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीचा सामना झाला. दिएगो कोस्टा जायबंदी झाल्यामुळे प्रशिक्षक विसेंते देल बोस्के यांनी मुनीरला युवक संघातून वर उचलले होते. ७७ व्या मिनिटाला त्याला मैदानात धाडण्यात आले. सामना स्पेनने तोवर खिशात घातलाच होता. तो ५-१ असा जिंकला. एकोणीस वर्षे पूर्ण होऊन त्याला एक आठवडा झाला होता. स्पेनच्या प्रौढ संघातून तो खेळला तो हा एवढाच सामना! पुन्हा त्या संघाच्या गणवेशात तो मैदानावर दिसला नाही.

त्या काळच्या नियमानुसार प्रौढ राष्ट्रीय संघातून एक अधिकृत स्पर्धात्मक सामना खेळला की खेळाडूच्या पायांत कायमची बेडी पडत असे. मग तो सामना ९० मिनिटे खेळलेला असो वा एकच मिनिट. मैत्रीपूर्ण सामन्यांना मात्र हा नियम लागू नव्हता. यातली विसंगती पाहावयाची तर ज्याच्या जागी मुनीरला बोलावण्यात आले, त्या दिएगो कोस्टाचेच उदाहरण घ्यावे. कोस्टा हा जन्माने ब्राझीलचा. मार्च २०१३ मध्ये तो ब्राझीलकडून दोन सामने खेळला होता. परंतु ते मैत्रीपूर्ण होते, म्हणून पुढल्याच वर्षी तो स्पेनतर्फे विश्वचषकात उतरू शकला. दोन सामने खेळलेला मोकळा आणि १३ मिनिटे खेळलेला बंदिवान, असा हा न्याय होता!

२०१८ च्या विश्वचषकासाठी मोरोक्को वीस वर्षांनंतर प्रथमच पात्र ठरला. दैवयोग असा की त्याच्या गटात स्पेनही होता. मुनीरने व मोरोक्कोच्या फुटबॉल महासंघाने संघ बदलण्याची परवानगी मागितली. फिफाने ती नाकारली. लोझान येथील क्रीडा लवादाकडे दाद मागितली. मे २०१८ मध्ये लवादानेही ती फेटाळली. सप्टेंबर २०२० मध्ये फिफाने नियम सैल केला. एकविसाव्या वर्षाआधी तीनहून अधिक स्पर्धात्मक सामने न खेळलेल्या, विश्वचषक वा खंडीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत न उतरलेल्या आणि अखेरच्या सामन्यानंतर तीन वर्षे थांबलेल्या खेळाडूला एकदा संघ बदलता येईल असे ठरले. मुनीरची सुटका झाली असे वाटले, तोच नवा पेच निघाला. एकविसावे वर्ष उलटल्यावर तो स्पेनच्या युवक संघातून खेळला होता, या कारणास्तव नोव्हेंबर २०२० मध्ये लवादाने पुन्हा नकार दिला. अखेर जानेवारी २०२१ मध्ये फिफाने अनुमती दिली आणि मार्चमध्ये तो मोरोक्कोकडून खेळला. बैल गेला आणि झोपा केला, असेच याला म्हणावे लागेल. १९ व्या वर्षी ज्याच्याकडून अपार अपेक्षा होत्या, तो आता पंचविशी ओलांडलेला एक चांगला, परंतु अनेकांपैकी एक खेळाडू होता. २०२२ च्या विश्वचषकासाठी मोरोक्कोने निवडलेल्या २६ जणांत त्याचे नाव नव्हते. आणि त्याच स्पर्धेत मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठून आफ्रिका खंडात आजवर कोणी न केलेला पराक्रम केला!

असले निर्बंध मुळात असावेतच कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्यांच्यामागे सबळ कारण आहे हे आम्ही जाणतो. लुईस मोंती हा १९३० च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून आणि १९३४ चा इटलीकडून खेळला. हंगेरीचा थोर पुश्काश १९६२ साली स्पेनच्या गणवेशात दिसला. आल्फ्रेदो दी स्तेफानो हा अर्जेंटिनाचा मोहराही स्पेनकडून खेळला. असेच चालू राहते, तर धनवान राष्ट्रांनी दरिद्री राष्ट्रांचे खेळाडू बाजारातील जिनसांप्रमाणे उचलून नेले असते आणि राष्ट्रीय संघ या शब्दाला काही अर्थच उरला नसता. म्हणून १९६० च्या दशकात दाराला कुलूप लागले ते योग्यच झाले. परंतु चोराला अडविण्यासाठी लावलेले कुलूप घरच्याच मुलाला कोंडू लागले, तर दोष मुलाला द्यावयाचा की कुलूप लावणाऱ्याला?

येथे महाभारतातील रंगमंडपाची आठवण आम्हांस होते. अर्जुनाशी दोन हात करण्यास कर्ण पुढे सरसावला, तेव्हा कृपाचार्यांनी त्याचे धनुष्य पाहिले नाही. त्याचे कुळ विचारले. कर्णाची मान खाली गेली. त्या क्षणी दुर्योधनाने त्याला अंगदेशाचा अभिषेक केला आणि त्या एका अभिषेकाने तो तरुण जन्माचा बांधला गेला. दुर्योधनाच्या मनात कर्णाविषयी प्रेम नव्हते असे आम्ही म्हणत नाही. पण अर्जुनाला तोडीस तोड योद्धा आपल्या पदरी असावा, हा हिशेब त्यात होता हे कोण नाकारील? एकोणीस वर्षांच्या पोराला शेवटची १३ मिनिटे मैदानात उतरविणाऱ्या स्पॅनिश धुरीणांच्या मनात त्या दिवशी काय होते, याचा निवाडा आम्ही करू इच्छीत नाही. मात्र नियम असा होता की कोणत्याही महासंघाने हवे तर तरुणाला क्षणभर मैदानात उतरवावे, प्रतिस्पर्धी देशाला तो कायमचा अप्राप्य करावा आणि मग त्याला विसरून जावे. ज्या नियमाने असे करता येते तो नियम खेळाडूचे रक्षण करीत नाही. तो केवळ मालकी सांगतो.

निष्ठा ही मालकीतून उपजत नसते. २०२२ च्या विश्वचषकात स्पेन व मोरोक्को एकमेकांसमोर आले. गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टीवर निकाल लागावयाचा होता आणि मोरोक्कोच्या विजयाचा निर्णायक फटका मारला तो अश्रफ हकीमीने. तो जन्मला माद्रिदमध्ये. त्याची आई लोकांच्या घरी साफसफाईची कामे करी, बाप रस्त्यावर माल विकी. स्पेनच्या वातावरणात आपण आपलेसे झालो नाही, असे त्याने उघडपणे सांगितले आहे. याच्या उलट लामिन यमाल. त्याचा बाप मोरोक्कन, आई विषुववृत्तीय गिनीची, जन्म बार्सिलोनाच्या परिसरातला. त्याने स्पेनची निवड केली आणि ८ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मुनीरच्या त्या सामन्याला बरोबर नऊ वर्षे झाली त्याच तारखेला, वयाच्या सोळाव्या वर्षी तो स्पेनकडून प्रथम खेळला. पुढल्याच वर्षी युरोपीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघाचा तो अलंकार ठरला. या दोघांपैकी देशद्रोही कोणास म्हणावे? आमच्या मते कोणासही नाही. पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्या पिढीची ही लेकरे आहेत. दोन घरांवर त्यांचा सारखाच हक्क आहे आणि दोहोंतून एक निवडण्याचे दुःखही त्यांचेच आहे. प्रेक्षागृहात बसून त्यांच्या निष्ठेची परीक्षा घेणे फार सोपे आहे. जावे त्यांच्या वंशा तेव्हा कळे!

आता आपल्या घराकडे वळू. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहेत. आणि ज्याच्याकडे भारताचे पारपत्र आहे त्यानेच भारताकडून खेळावे, असे धोरण केंद्र सरकारने २००८ पासून अंगीकारले आहे. परदेशस्थ भारतीयांना जे ओसीआय कार्ड मिळते, त्यात नागरिक हा शब्द असला तरी नागरिकत्व नाही. म्हणून पुण्याच्या फुटबॉल क्लबातून खेळणाऱ्या, भारतीय पित्याच्या व जपानी मातेच्या पोटी जन्मलेल्या अराता इझुमीला आधी जपानचे नागरिकत्व सोडावे लागले, तेव्हा कोठे २०१३ साली तो भारताकडून खेळला. रायन विल्यम्सचे उदाहरण तर अगदी अलीकडचे. त्याचा जन्म पर्थचा. आई मात्र मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन कुटुंबातली. आईचे वडील १९५० च्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. २०१९ साली विल्यम्स ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता. २०२५ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाचे पारपत्र परत केले आणि तो भारताचा नागरिक झाला. एवढा त्याग करून तो भारतीय संघाच्या शिबिरात दाखल झाला खरा, पण संघ बदलण्याचा कागद वेळेवर न आल्यामुळे १८ नोव्हेंबर २०२५ च्या ढाक्यातील सामन्यास मुकला. तो सामना बांगलादेशाने १-० असा जिंकला. आणि त्या विजयी संघात इंग्लंडमध्ये जन्मलेला व इंग्लंडच्या युवक संघातून खेळलेला हमझा चौधरी होता. बांगलादेशाचा कायदा दुहेरी नागरिकत्वाला वाव देतो, त्यामुळे त्याला काहीच सोडावे लागले नव्हते.

हे पाहून आपणही कायदा बदलावा, अशी हाकाटी काही मंडळी करतात. नागरिकत्व ही राज्याच्या पायाची बाब आहे. एका खेळातील पराभवांनी घायकुतीस येऊन तिला हात घालावा असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या कडक नियमात एक गुण निश्चित आहे. इझुमीने काय किंवा विल्यम्सने काय, जो निर्णय घेतला तो जाणत्या वयात, उघड्या डोळ्यांनी, किंमत ठाऊक असताना घेतला. मुनीरला ते भाग्य लाभले नाही. पण जो एवढी किंमत मोजतो त्याच्याविषयी राष्ट्राचेही काही कर्तव्य उरते. त्याचे कागद महिनोन्‌महिने दप्तरांत फिरत राहू नयेत. त्याने पारपत्र सोडण्यापूर्वीच फिफाची अनुमती मिळण्याजोगी आहे की नाही याची महासंघाने खात्री करून घ्यावी. आणि एखादा सामना हरल्यावर त्याच्या जन्मगावाचा उद्धार करण्याची खोड प्रेक्षकांनी सोडावी. ज्याने आपले घर मोडून आपल्या घरी राहावयास येण्याचे ठरविले, त्याला ओसरीवर ताटकळत ठेवणे हे कोणत्या यजमानाला शोभते?

दुसरे असे की मोरोक्कोच्या यशाचा अर्धाच धडा घेणे घातक ठरेल. त्या संघातील २६ पैकी १४ जण परदेशात जन्मले होते ही गोष्ट जगभर गाजली. परंतु त्याच संघातील अझेद्दीन उनाही, नायफ अगुएर्द, युसुफ अन नसीरी हे मोरोक्कोतच जन्मलेले आणि सालेजवळील राजे सहावे मुहम्मद यांच्या नावाच्या फुटबॉल प्रशालेत घडलेले होते, हे किती जणांच्या ध्यानी आहे? परदेशातील लेकरांना हाक मारण्यापूर्वी मोरोक्कोने घरातील चूल पेटविली होती. आपल्याकडे आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? कोल्हापूरच्या पेठांत आजही हजारो लोक फुटबॉल पाहावयास जमतात, गोव्यात तो गावोगाव खेळला जातो; ही हौस राष्ट्रीय संघापर्यंत नेणारी वाट बांधली नाही, तर दहा विल्यम्स आणूनही भागणार नाही.

मुनीरच्या हकीगतीचा मथितार्थ आमच्या मते एवढाच. गणवेश अंगावर चढविल्याने खेळाडू राष्ट्राचा होत नाही. राष्ट्राने त्याला आपला मानले, त्याच्यासाठी जागा ठेवली, तो हुकला तेव्हाही त्याचा हात सोडला नाही, तर तो आपण होऊन राष्ट्राचा होतो. स्पेनने मुनीरला १३ मिनिटे दिली आणि त्या बदल्यात सहा वर्षे घेतली. भारताने आपल्या दाराशी आलेल्यांशी याहून उदार व्यवहार करावा. त्यासाठी राज्यघटनेचे एकही कलम बदलावे लागत नाही. फक्त महासंघाचे दप्तर आणि आपली मने तेवढी बदलावी लागतील.