काकांचा गळ आणि आपला फॅक्टर ऑफ सेफ्टी

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

आमचे वाकोल्याचे काका हौशी गळवाले. रविवारी वर्सोव्याच्या खडकांवर बसायचं आणि मिळेल ते घरी आणायचं. गेल्या सुट्टीत पिशवीतून बोटभर मासे निघाले. मी म्हटलं, "काका, एवढी पिल्लं परत सोडायची ना!" काका म्हणाले, "समुद्रात मासे किती ते कुणाला ठाऊक आहे? आधी मोजा, मग मर्यादा घाला!" तेव्हा उत्तर सुचलं नाही. हॉस्टेलवर परतल्यावर सुचलं!

काकांचं अर्धं खरं आहे. मासे कुणी मोजू शकत नाही, फक्त अंदाज करता येतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था काही बंदरं, काही दिवस, काही बोटी निवडते आणि त्यावरून सगळ्या किनाऱ्याचा आकडा काढते. सँपलिंगची गंमत वाकोलेकरांना वेगळी सांगायला नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. नुसतं कुलाबा मोजलं असतं तर?

हौशी लोकांचं मोजमाप तर त्याहून कठीण. अमेरिकेत त्यांना पोस्टाने फॉर्म पाठवून विचारतात, मासेमारीला किती वेळा गेलात? 2023 मध्ये तिथल्या मत्स्य खात्यानंच सांगितलं, की प्रश्नांचा क्रम बदलला तर उत्तरं बदलतात, आणि जुना आकडा 30 ते 40 टक्के फुगलेला असू शकतो. म्हणजे तिथेही बोंब आहेच!

मग मर्यादाच नको? इथे मला काकांचं पटत नाही. आपण काँक्रीटचं काय करतो? एम 20 हवं असेल तर मिक्स 20 चं डिझाइन करत नाही. त्यात 1.65 गुणिले स्टँडर्ड डेव्हिएशन मिळवतो. डेव्हिएशन 4 धरलं तर टार्गेट 26.6! कारण सरासरीवर डिझाइन केलं तर निम्मे क्यूब नापास होतील. माशांचंही तेच. मधल्या अंदाजावर मर्यादा ठेवली तर ती जास्त निघण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. म्हणून अंदाज जितका कच्चा, तितकी मर्यादा खाली हवी.

"तुमच्या अज्ञानाची शिक्षा आम्हाला का?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. ज्याचं पोट मासेमारीवर आहे, त्या कोळी बांधवाचं नुकसान सरकारनं भरून द्यावं. काकांचं पोट त्यावर नाही. त्यांनी थोडं सोसायला हरकत नाही. शिवाय साइटवर क्वालिटी कंट्रोल चांगला असेल तर डेव्हिएशन कमी होतं आणि सिमेंट वाचतं. तसंच गळवाल्यांनी नीट नोंदी दिल्या तर मर्यादा सैल करता येईल. पण हे बक्षीस नियमातच लिहिलेलं हवं, नाहीतर नोंदी देणार कोण?

2023 मध्ये महाराष्ट्रानं 54 जातींसाठी किमान माप ठरवलं. पापलेटचं 135 मिमी. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. सुरुवात चांगली आहे, पण माप बघणार आपणच. बाजारात तळहातात मावणारं पापलेट दिसलं तर घेऊ नका!

काकांना मी माझी स्टीलची पट्टी आणि एक वही दिलीय. पहिल्या रविवारची नोंद आली: "मासे शून्य." काका वैतागलेत. मी म्हटलं, शून्य हासुद्धा डेटाच आहे!